करदात्यांची बाग

गोपिकाबाई पहिल्यांदा मनीषनगरातल्या फ्लॅटच्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा मनोहररावांना वाटले, धाडच पडली. बेल अशी वाजली की चौथ्या मजल्यावरचे निवृत्त फौजदार बनियनवरच खाली आले. बाईंनी आत येऊन ओट्याची उंची, घरातल्यांची भूक आणि मनोहररावांच्या पत्नी लतिकाकाकूंचा स्वभाव यांची चौकशी केली आणि आपल्याला कामाला ठेवून घेण्याची परवानगी नवराबायकोलाच दिली.

"एकच सांगतो," त्या म्हणाल्या, "बिलाबगर मी काडीपेटी बी आणत नाही."

सातवीपर्यंत शिक्षण, नवरा बुटीबोरीच्या सूतगिरणीत, चार घरच्या पोळ्या. पहिल्याच कामावर कुणीतरी भाजीच्या सुट्ट्या पैशांवरून संशय घेतला, तेव्हापासून स्वतःच्या साबणाचेही बिल त्या चेनच्या पिशवीत जपत. त्या दिसल्या की किराणावाला आधी मशीनमध्ये कागद आहे का ते बघे.

लेआउटमध्ये, म्हणजे त्या वसाहतीत, एक बाग होती. दुपारी एक वाजता घरकामाच्या साऱ्या बाया तिथल्या कडुनिंबाखाली डबा खात. एप्रिलात मात्र रहिवासी समितीने फाटकाला कुलूप लावले आणि वर पाटी टांगली : 'प्रवेश फक्त करदात्या रहिवाशांसाठी.' मजकूर समितीचे अध्यक्ष मनोहरराव यांचा. बत्तीस वर्षे बँकेत नोकरी करून कर भरल्याचा त्यांना फार अभिमान. त्या दिवशी बायांनी पंचेचाळीस डिग्रीत, रस्त्याच्या कडेला, तापलेल्या दगडांवर बसून डबा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन गोपिकाबाई मनोहररावांसमोर हजर.

"काकाजी, बागेची किल्ली द्या. मी बी टॅक्स भरतो."

मनोहरराव हसले. "बाई, टॅक्स नोकरदार माणूस भरतो."

बाईंनी टेबलावर बिलं मांडली. पेस्ट, तेल, बिस्कीट, मोबाइलचा रिचार्ज. प्रत्येकावर खाली बारीक अक्षरात कर.

"रिचार्जवर शेकडा अठरा. तुमाले किती लागते?"

"अठराच."

"अन् पगार तं सारखा नाही आपला. माया सारा पगार दुकानातच जाते. तुमचा उरते. मंग जास्त कोनाले पडलं?"

मनोहररावांनी चष्मा पुसला. बत्तीस वर्षांत बिलाची खालची ओळ त्यांनी कधी वाचली नव्हती.

"तुमी यंदा किती भरला, काकाजी?"

"शून्य," स्वयंपाकघरातून लतिकाकाकू म्हणाल्या. "बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला माफ झाला ना. पेढे वाटले यांनी."

गोपिकाबाईंनी थोडा विचार केला. "पण तुमी पेस्ट वापरता. पेस्टवर घेऊ तुमाले आत."

मनोहररावांच्या आयुष्यात इतक्या सभ्यपणे त्यांचा पराभव कोणी केला नव्हता. त्या संध्याकाळी ते तीच पिशवी घेऊन समितीपुढे उभे राहिले आणि चाळीस मिनिटे बोलले. उत्पन्नाचा कर उत्पन्न बघून लागतो, खरेदीचा कर खिसा बघत नाही. ज्याचा पगार महिन्यातच संपतो त्याला तोच जास्त चावतो. रेशनचा फुकट तांदूळ ज्या तिजोरीतून येतो, त्या तिजोरीत तांदूळ घेणाऱ्यांचेही पैसे आहेत. फौजदारांना डुलकी लागली, पण ठराव एकमताने झाला.

पाटी उतरली. नवी लागली : 'बाग सर्वांसाठी समान खुली. सकाळी सहा ते दहा, संध्याकाळी पाच ते नऊ.'

बाया आता दुपारी एक वाजता पार्किंगमध्ये, स्कूटरच्या रांगेमागे डबा खातात.