सव्वीस दिवसांचा महिना

१८ जुलै २०१६. सेहेचाळीस हजार आठशे रुपये.

एवढ्या रकमेचा चेक दिल्लीजवळच्या मानेसरमधल्या एका सुट्या भागांच्या कारखान्याने हेमलता राऊतसमोर ठेवला, आणि सही करू की नको हे विचारायला तिने तिथूनच गुणवंत टिपणीसांना फोन लावला. माणूस तिने योग्यच निवडला होता. कामगारांना त्यांचे हक्क समजावणाऱ्या सरकारी पुस्तिका ज्या कार्यालयातून निघत, तिथे टिपणीसांची एकतीस वर्षं गेली होती. ‘नोकरी सोडताना’ ही अठ्ठावीस पानी पुस्तिका तर त्यांनीच लिहिलेली. तिच्यावर नाव नव्हतं. पण दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या एकाही मराठी घराला ही गोष्ट माहीत नाही असं होऊ नये, याची काळजी ते स्वतः घेत.

हेमलता त्यांच्या दिवंगत सहकाऱ्याची, भालचंद्र राऊतांची मुलगी. नऊ वर्षं पॅकिंगमध्ये काढून तिने नोकरी सोडली होती, कारण तिला मुनीरक्यात पोळीभाजीचं दुकान काढायचं होतं. गाळाही पाहून ठेवला होता. मालकाला पन्नास हजार डिपॉझिट हवं होतं, तेही ऑगस्ट संपायच्या आत. नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयारच होतं. तिची सगळी भिस्त ग्रॅच्युइटीवर.

“पगार किती होता शेवटचा?” टिपणीसांनी विचारलं.

“दहा हजार चारशे, काका.”

“वर्षाला अर्धा पगार. पाच हजार दोनशे गुणिले नऊ. बरोब्बर आहे! कर सही.”

सात सेकंद लागले. कागदसुद्धा घ्यावा लागला नाही. बी.कॉम.ला अकाउंटन्सीत पंच्याहत्तर गुण होते, हे आताशा टिपणीसांखेरीज कुणालाच आठवत नसे. त्या गुणांच्या भरात त्यांनी कारखान्याच्या एच.आर. साहेबालाही फोनवर घेतलं. “टिपणीस बोल रहा हूँ, दिल्ली से. हिसाब बिल्कुल सही है.”

हेमलताने सही केली. उरलेल्या तीन हजार दोनशेसाठी ती कानातले मोडायचा विचार करू लागली.

तीन आठवड्यांनी पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली. पान चौदा : ‘शेवटच्या पगाराला सव्वीसने भागा, पंधराने गुणा, सेवेच्या वर्षांनी गुणा.’ कामगाराचा महिना सव्वीस दिवसांचा, कारण रविवार वजा. टिपणीसांनी सवयीप्रमाणे अनुस्वार तपासले, एक वेलांटी सुधारली, पान उलटलं आणि आणखी दोन पानं पुढे गेल्यावर त्यांचा लाल पेन थांबला.

ते मागे आले. रोजचे चारशे. पंधरा दिवसांचे सहा हजार. नऊ वर्षांचे चोपन्न हजार. म्हणजे सात हजार दोनशे कमी!

झालं काय होतं, तेही त्यांना लगेच कळलं. फेब्रुवारीत ते निवृत्त होणार होते आणि सहा महिने रोज संध्याकाळी स्वतःची ग्रॅच्युइटी मांडत होते. सरकारी नोकराला वर्षाला अर्धा पगार. तोच हिशेब त्यांनी हेमलताच्या गळ्यात मारला होता. साऱ्या देशाला सव्वीसचा पाढा शिकवणारा माणूस स्वतः पंधरा दुणे तीसमध्ये अडकला होता.

त्या संध्याकाळी वासंतीबाईंनी दोनदा हाक मारली. “अहो, जेवताय ना? की अजून निवृत्तच होताय?”

“वासंती, मी गाढव आहे.”

कारण ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, “हेमलताला कळवलंत?”

“एक शुद्धिपत्र तयार करतोय. हा पहिला मसुदा...”

“मसुदा कसला करताय? फोन करा!”

फोनवर हेमलताने आकडे लिहून घेतले. मग म्हणाली, “काका, सव्वीस वाचलं होतं मी. तुमची पुस्तिका पर्समध्येच होती.”

“मग बोलली का नाहीस?”

“म्हटलं, लिहिणाराच सांगतोय. नवा नियम आला असेल.”

टिपणीसांना एखादी शिवी जास्त सोसली असती.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते तिच्याबरोबर मानेसरला गेले. एच.आर. साहेब ओळखीचं हसला. “साहब, आपने ही तो कहा था, बिल्कुल सही है?”

“उस दिन मैं अपना हिसाब कर रहा था,” टिपणीस म्हणाले. “इनका नहीं.”

त्यांनी पुस्तिकेच्या हिंदी आवृत्तीचं पान चौदा उघडून पुढे ठेवलं, आणि कमी रकमेवर सही केली म्हणून हक्क जात नाही हे सांगणारं पान सतराही. साहेबाने दोन्ही वाचली, पुस्तिका उलटीसुलटी केली आणि विचारलं, “ये किताब लिखी किसने है?”

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून टिपणीस कित्येक वर्षं वाट पाहत होते.

“होगा कोई दफ्तर में,” ते म्हणाले.

सात हजार दोनशेचा चेक २९ ऑगस्टला मिळाला. ३० तारखेला हेमलताने मालकाच्या हातात पन्नास हजार ठेवले. कानातले वाचले.

दहा नोव्हेंबरला दुकान सुरू झालं. टिपणीसांनी पहिली पोळी खाल्ली, दुसरी मागितली, आणि तेवढ्यात हेमलताने गल्ल्याजवळची वही उघडली.

“पान पंधरा, काका. ग्रॅच्युइटीला उशीर झाला तर दहा टक्के व्याज. सात हजार दोनशेवर दीड महिन्याचे झाले नव्वद. कंपनीला सोडलं मी, पण उशीर तुमच्यामुळे.”

“बरोबर आहे,” टिपणीस म्हणाले. या वेळी हिशेब त्यांनी कागदावर करून पाहिला होता. मग पाकिटातून पाचशेची नोट काढली.

“काका! परवा रात्रीपासून ही बंद झालीय. पेपर वाचता ना?”

पाकिटात दुसरं काही नव्हतं. हेमलताने वहीत नाव लिहिलं. नव्वद रुपये अजून द्यायचे आहेत.