बाईंनी न पाहिलेली कुत्री

"बघितलंस, की ऐकलंस?"

आमच्या गल्लीतल्या बाई चष्मा कपाळावर सरकवून हा प्रश्न कुणालाही विचारायच्या. दूधवाल्याला, पोस्टमनला, आणि नळाच्या गढूळ पाण्याविरुद्ध सह्या गोळा करत फिरणाऱ्या मलाही. माझ्या पत्रकाचं पहिलंच वाक्य होतं, 'संपूर्ण शहर संतप्त आहे!'

"संपूर्ण शहर फिरून आलास काय रे?" बाई म्हणाल्या. "मग 'आमची गल्ली' लिही." आणि ते खोडायला लावूनच सही केली. मी चिडलो. पण सांगतो, पत्रक सुधारलं.

बाई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या, एकट्या राहायच्या. रविवारी पहाटे राधानगरीची एस्टी धरायच्या. अंगावर पातळ, पायात कॅनव्हासचे बूट, पिशवीत जयसिंगपूरचं भडंग. डोंगरात जायचं कशाला? तर कोळसुंदा बघायला. कोळसुंदा म्हणजे रानकुत्रा. रंगानं तांबडा, शेपूट काळी झुपकेदार, आणि भुंकत नाही, शीळ घालतो. बाईंनी ती शीळ धुक्यातून ऐकली होती. पण ऐकणं त्यांच्या हिशेबी पुरावा नव्हता.

शाळेत यावर चेष्टा चालायची. "बाई, कुत्रीच बघायची तर आमच्या गल्लीत या की! एस्टीचं तिकीट वाचंल." जंगलखात्याच्या एका साहेबांनी तर खुर्चीवरून न उठता निकाल दिला होता, की या डोंगरात रानकुत्री उरलीच नाहीत. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, बाई, मी येतो तुमच्याबरोबर. एकदा दिसू देत, असं पत्रक काढतो की साहेबांनी खुर्ची सोडली पाहिजे!

डोंगरात एका म्हशीवाल्याच्या घरी बाईंचा चहा ठरलेला. तिथं एक रीत कळली. कोळसुंद्यांनी सांबर पाडलं की वाडीतली माणसं कुऱ्हाडी घेऊन धावायची, कुत्र्यांना हाकलून मांस आणायची. पण सगळं नाही. थोडं तिथंच ठेवायचं.

"त्यांचा वाटा," म्हशीवाला म्हणाला. "देवाची कुत्री हाईत ती."

बरेच रविवार कोरडे गेले. मग हिवाळ्यातल्या एका सकाळी वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, बाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की मी कळवळलो. खाली खडकातल्या डबक्यात पाच-सहा कोळसुंदे होते. पाणी पीत नव्हते. बसले होते, गळ्यापर्यंत पाण्यात, डुलत.

"अरे, म्हशीसारखी बसलीत!" बाई पुटपुटल्या. "असं कुठल्या पुस्तकात नाही रे." एकानं आमच्याकडं वळून पाहिलं, बारीक शीळ घातली. दुसऱ्यानं कान टवकारले. आणि डबकं रिकामं. बाई मात्र तशाच उकिडव्या बसलेल्या. त्यांना शाळेतल्या पोरीसारखं हसू येत होतं.

उतरताना वाटेत म्हशीवाला भेटला. बरोबर दोघे, एकाच्या खांद्यावर ठासणीची बंदूक. तेव्हा रानकुत्रं मारणं गुन्हा नव्हता, उलट शाबासकीच मिळायची.

"रेडकू फाडलं की हो माझं, बाई! आज एक सोडत न्हाय."

"सांबराचं मांस आणताना देवाची कुत्री होती ना?"

"सांबर सरकारचं हुतं, बाई. रेडकू माझं हाय!"

त्यानं बाईंच्या दवानं भिजलेल्या बुटांकडं पाहिलं.

"तुमी वरनंच आलाय," तो म्हणाला. "दिसली काय?"

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला. "नाही. सबंध सडा फिरलो. काही नाही दिसलं."

त्यानं क्षणभर बाईंकडं पाहिलं. मग दोघांना म्हणाला, "चला, खालच्या वड्याला बघू." तिघे उलट दिशेला उतरले.

एस्टीत मी तडतडलो. "बाई, आता शाळेत काय सांगणार? तो साहेब हसेल!"

"हसू दे."

"मी पत्रक काढतो!"

"काढ की. कुठं बघितली तेही लिहावं लागेल. लिहिशील?"

मी काढलेलं पेन परत खिशाला लावलं. सोमवारी शाळेत नेहमीचा प्रश्न आला, "काय बाई, दिसली का?" बाई म्हणाल्या, "नाही." सगळे हसले. पुढची कित्येक वर्षं हसत राहिले. बाईंनी कधी चकार शब्द काढला नाही.

परवा बाईंची शोकसभा झाली. एक वक्ते गहिवरून म्हणाले, की जे कधी दिसलंच नाही त्याच्यापायी बाईंनी आयुष्य झिजवलं. माना हलल्या. सभा उधळण्यात माझा हात कुणी धरत नाही, पण मी खुर्ची घट्ट धरून बसून राहिलो.

बाहेर आलो तर दारात म्हशीवाला. बातमी कळली तसा एस्टीनं आला होता. डोक्याला धुतलेला पटका.

"त्या दिशी बाईंनी बघितली हुती न्हवं?"

कायदा आता बदललाय, तरी मी चपला शोधायला लागलो.

"मला ठाव हुतं," तो म्हणाला. "कधी खोटं बोलल्याल्या न्हाईत. जमलंच न्हाय त्यास्नी."

"मग खालच्या ओढ्याला का गेलात?"

त्यानं पटका काढून तोंड पुसलं. "एवढ्या मोठ्या बाईनं माझ्यासमोर खोटं बोलावं, म्हंजे त्यास्नी किती पायजे असतील ती कुत्री! मग रेडकाचं काय घिऊन बसायचं?"

आणि राधानगरीची गाडी चुकेल म्हणून तो भराभरा स्टँडकडं निघाला.