हवालदारांचा रविवारचा वर्ग

१३ फेब्रुवारी १९७७, रविवार. सकाळी थंडी, आकाश स्वच्छ, यवतेश्वराकडून कोरडा वारा.

माझ्या वहीत रोज एवढं तरी असतंच. तारीख, हवा, आणि खाली दिवसभराच्या दोन ओळी. बावीस वर्षं दोन ओळी पुरल्या. त्या वर्षी मात्र रविवारची पानं पुरेनात. वेगळे कागद कापून डकवावे लागले आणि वही इतकी फुगली की मिटेना. मित्र म्हणतात, त्यातलं थोडं सांग की. सांगतो. रोजची हवा तेवढी गाळतो.

साताऱ्यातल्या एका वाचनालयात मी सहायक ग्रंथपाल होतो. मागच्या खोलीत हवालदार बसायचे. त्यांचं नाव दाजीबा निकम. रहिमतपूरजवळच्या शेतकरी घरातले. दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर इराकला गेले. काम खेचरांच्या दाणापाण्याचं. तिकडे मोसुलमध्ये एका म्हाताऱ्या पाद्र्याशी त्यांची ओळख झाली आणि परत येताना ते अरबी, हिब्रू आणि सिरियाक अशा तीन भाषा घेऊन आले. बाकीच्यांनी घड्याळं आणली होती.

पुढे तीस वर्षं त्यांनी हायस्कुलात कवायत शिकवली आणि उरलेल्या वेळात कोश लिहिला. या तिन्ही भाषा एकाच घराण्यातल्या. त्या घराण्याला सेमिटिक म्हणतात, हे मलाही त्यांच्याकडूनच कळलं. तिन्हींतले शब्द शेजारी शेजारी मांडायचे आणि अर्थ मराठीत द्यायचा, असा तो कोश. एका शब्दाला एक चिठ्ठी. चौदा हजार चिठ्ठ्या झाल्या होत्या.

तर त्या रविवारी आमचे चिटणीस अप्पासाहेब वकील खोली बघायला आले. त्यांना ती कॅरमसाठी हवी होती.

"हवालदार, मेलेल्या भाषांना खोली आणि जिवंत पोरांना व्हरांडा, हा कुठला न्याय?"

हवालदार चष्मा पुसत म्हणाले, "मेलेल्या कुठं? त्यातल्या दोन तर रोज पेपरात भांडतात."

अप्पासाहेब हसले, पण हटले नाहीत. कमिटीने ठराव केला. हवालदारांनी दर रविवारी सकाळी वर्ग चालवावा. वर्षाने पुण्याहून परीक्षक येईल. किमान तीन विद्यार्थी पास झाले तर खोली वर्गाकडे, नाहीतर कॅरमकडे.

हवालदारांचं बिऱ्हाड एका खोलीचं. एक खाट, एक ट्रंक आणि त्यांची बायको. वाचनालयातली खोली गेली असती तर चिठ्ठ्या पोत्यात बांधून कुणाच्या तरी माळ्यावर गेल्या असत्या. हवालदार तेव्हा बासष्ट वर्षांचे होते. माळ्यावरून पोतं पुन्हा खाली येईल, असं त्यांना वाटत नव्हतं. मलाही नाही.

मी त्याच दिवशी पहिला विद्यार्थी म्हणून नाव घातलं.

*

चिठ्ठ्यांसाठी हवालदार कोरा कागद वापरत नसत. लग्नपत्रिका कापून तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायचे. पत्रिकेचा कागद जाड, टिकतो चांगला. सगळा गोतावळा त्यांना आठवणीने पत्रिका पाठवायचा. लग्नाला ते क्वचित जायचे.

एके दिवशी त्यांच्या गावची सुमन आली. नवरा फौजेत. पलटणीच्या कचेरीने लग्नाच्या तारखेचा पुरावा मागितला होता. घरच्या पत्रिका पुरात गेलेल्या. कुणाकडेच एक शिल्लक नव्हती.

"काका, तुमच्याकडं आसंल का वं?"

मी चौदा हजार चिठ्ठ्यांकडे बघितलं आणि खुर्ची ओढून बसलो. हवालदार मात्र छताकडे बघत राहिले.

"सुमन… म्हणजे गुलाबी पत्रिका. शिंदे, चौथी पेटी काढा. उंबरठा."

मी 'उंबरठा'ची चिठ्ठी काढली. मागे वधूवरांची नावं, तारीख, मुहूर्त आणि खाली "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं".

सुमनने चिठ्ठी घेतली. हवालदारांनी तिच्यादेखत उंबरठ्याची नवी चिठ्ठी लिहिली आणि तिला म्हणाले, "मुलीचं लग्न ठरलं की पत्रिका पाठव. मला 'छप्पर' लिहायचंय."

*

पहिल्या रविवारी सात जण होते. मृगापर्यंत चार उरले. मी, सिस्टर सुशीलाबाई, कोयनानगरचा वायरमन आनंदा आणि शिदू.

सुशीलाबाई मूळच्या मिरजेच्या, साताऱ्यात एका दवाखान्यात नर्स. लहानपणापासून बायबलातली जी गाणी त्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, म्हणत आल्या, ती मुळात कशी असतील हे त्यांना बघायचं होतं. म्हणून हिब्रू. बाई हुशार, आणि मन लावलं की लावलं. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात. दोन महिन्यांत हात असा बसला की एका रविवारी त्या उशिरा आल्या आणि अगदी मागे जाऊन बसल्या.

"काय झालं, सिस्टर?" हवालदारांनी विचारलं.

"तापाचा तक्ता उजवीकडून भरला."

पेशंटचा ताप चार दिवस उतरत होता. तक्त्यावर तो चार दिवस चढत होता. डॉक्टरांनी तक्ता बघितला, तारखा बघितल्या नाहीत, आणि त्याचं घरी जाणं रद्द केलं.

"मग?"

"मी खरं सांगितलं. डॉक्टर रागावले. पेशंट म्हणाला, बाईंना बोलू नका, आणखी दोन दिवस असाच भरू द्या, घरी पाहुणे आलेत."

*

आनंदाला अरबी हवी होती ती कुवेतला जाण्यासाठी. तिकडे वायरमनला मागणी आहे, असं त्याच्या कानावर आलं होतं. रविवारी पहिल्या एसटीने यायचा. हवालदारांनी त्याला जुन्या अरबीपासून सुरुवात करून दिली, कारण त्यांना तीच येत होती.

"मास्तर, हे सगळं झ्याक हाय. पर आधी 'शॉक बसंल, हात लावू नगा' एवढं शिकवा."

"येईल. तिथपर्यंत येऊ."

"कवा?"

"दिवाळीला."

दिवाळीच्या आधीच आनंदाला बोलावणं आलं. तो गेला आणि वर्गात तिघं उरलो. पास व्हायलाही तिघंच हवे होते. म्हणजे आता एकाचाही पाय घसरून चालणार नव्हता. अप्पासाहेबांनी त्याच आठवड्यात कॅरमचे दोन नवे बोर्ड आणून व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवले.

डिसेंबरात आनंदाचं पत्र आलं. हवालदारांनी ते वर्गात मोठ्याने वाचलं.

"मास्तरांना दंडवत. हितं तुमच्यावानी कुणीच बोलत न्हाई. पयल्या दिवशी मी फोरमनला तुमी शिकवल्याप्रमाणं सांगितलं की वायर संपली. तो जागचा उठून उभा ऱ्हायला. मंग डोळं पुसाय लागला. म्हनला, माझा आजा असं बोलायचा. आता रोज दुपारी समद्यास्नी गोळा करतो आन् मला म्हनतो, परत बोल. वायर अजून आली न्हाई."

*

शिदू आटपाडीकडचा धनगर. पाऊस उघडला की मेंढरं घेऊन पश्चिमेला यायचा. वय चाळिशीच्या पुढे, शाळा चौथीपर्यंत. वाचनालयात तो आला घोंगडी विकायला.

हवालदार त्या वेळी अडले होते. अरबीत मेंढराला वयाप्रमाणे वेगळे शब्द आहेत. नुकतं जन्मलेलं, दूध तुटलेलं, वर्षाचं, दोन वर्षांचं. चिठ्ठ्यांची रांग लागलेली आणि मराठी बाजूला सगळीकडे एकच शब्द, मेंढी. त्यांनी घोंगड्याकडे न बघता शिदूलाच विचारलं. शिदू खाली बसला आणि कोकरापासून सुरू झाला. दात किती आले, दूध कधी तुटलं, पहिलं वेत कधी, प्रत्येकाला त्याच्याकडे शब्द होता. दीड तास हवालदार लिहीत होते.

उठताना शिदूने विचारलं, "ह्या लोकांत मेंढरं पाळत्यात व्हय?"

"हजारो वर्षं पाळतात."

"मग आमचंच लोक की. यीन मी रईवारी."

तो खरंच आला. पाटी-पेन्सिल घेऊन. पावसाळ्यात मुक्काम गावी असला तरी महिन्यातून दोनदा एसटीने यायचा. त्याला अक्षरं जड जायची. एक शब्द लिहायला घाम फुटायचा. अप्पासाहेब दारातून बघून म्हणाले, "हवालदार, हा विद्यार्थी पास होईल?"

"तो विद्यार्थी नाही," हवालदार म्हणाले, "तो माझा कोश आहे. परीक्षेचं त्याचं त्याला ठाऊक."

*

परीक्षा पुढच्या फेब्रुवारीत झाली. पुण्याहून एक वयस्क प्राध्यापक आले. काळी छत्री, पांढरा कोट, बोलणं मोजकं. सकाळी लेखी, मग तोंडी. सुशीलाबाई पास झाल्या. मी पास झालो. शिदूचा लेखी पेपर तपासताना प्राध्यापकांची पेन्सिल बऱ्याच वेळा थांबली. तोंडीला तो बरा होता. शेवटचा प्रश्न पाच गुणांचा. प्राध्यापकांनी अरबीतला एक धातू सांगितला आणि अर्थ विचारला.

शिदू लगेच म्हणाला, "मेंढरानं बसणं. पर पोट भरल्यालं पायजे, आन् भ्या नसलं पायजे. तवाच."

"आडवे होणे," प्राध्यापक म्हणाले. "एवढंच पुस्तकात आहे. बाकीचं तुमचं. अर्थाला शेपूट जोडायचं नसतं." त्यांनी शून्य मांडलं आणि बेरीज केली. छत्तीस. पास व्हायला चाळीस लागत होते.

अप्पासाहेबांनी नुसती मान हलवली. जन्मभर हवालदारांनी कुणाच्या मार्कांसाठी शब्द टाकला नव्हता. समोरची पेटी त्यांनी झाकण लावून बंद केली, एवढंच.

शिदूने मुंडासं सारखं केलं. "सायेब, एक इचारू? तुमी मेंढरं बसताना बगितल्यात?"

"चित्रात पाहिली आहेत."

"चित्रात बसल्याली असत्यात. बसताना न्हाई दिसत. माझी मेंढरं हितंच हायती, रहिमतपूरच्या वाटंवर. चला की."

ऊस तुटला की आमच्याकडे शेतकरी धनगराला रानात मेंढरं बसवायला बोलावतात. लेंडीचं खत मिळतं. शिदूचा मुक्काम तशाच एका रानात होता. प्राध्यापकांची गाडी संध्याकाळची होती. अप्पासाहेबांनी आम्हा सगळ्यांसाठी जीप काढली. मला वाटतं, त्यांनाही बघायचं होतं.

रानात ऐंशी एक मेंढरं उसाच्या पाचटात चरत होती. शिदूची बायको बनाबाई काठी टेकून उभी. ऊन चढलं होतं.

"बसवून दाखवा," प्राध्यापक म्हणाले.

"तुमीच बसवा की. पुस्तकात हाय तसं."

प्राध्यापक छत्री उघडून पुढे झाले आणि टाळी वाजवून म्हणाले, "बसा." मेंढरं दहा पावलं मागे सरली. मग अप्पासाहेब पुढे झाले आणि कोर्टातल्या आवाजात म्हणाले, "बसा खाली!" मेंढरं थेट बांधाला जाऊन भिडली.

बनाबाई म्हणाली, "आवं वकीलसायेब, ती काय आरोपी हायती व्हय?"

सुशीलाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. शिदूने घोंगडं अंथरलं.

"सायेब, ती छत्री मिटा. काळं बगून भेत्यात. आन् हितं बसा. त्यास्नी खाऊ द्या."

प्राध्यापकांनी छत्री मिटली. आम्ही सगळे घोंगड्यावर बसलो. मेंढरं हळूहळू परत पाचटात आली. मी घड्याळ बघत होतो. पंचवीस मिनिटं काही झालं नाही. अप्पासाहेबांनी दोनदा कूस बदलली. हवालदार मांडी घालून ताठ बसले होते, हात गुडघ्यावर.

मग एका म्हाताऱ्या मेंढीने खाणं थांबवलं. तिने मान वर करून इकडेतिकडे बघितलं, आमच्याकडेही बघितलं, आणि पुढचे गुडघे मोडून ती खाली बसली. तिच्या शेजारची बसली. मग तिघी. रवंथ सुरू झाला. जीपच्या बाजूची दोन मेंढरं तेवढी बराच वेळ उभी होती. शेवटी तीही आत सरली आणि बसली.

प्राध्यापकांनी आवाज खाली ठेवून विचारलं, "काय म्हणालात तुम्ही मघाशी? पुन्हा सांगा."

"पोट भरल्यालं, आन् भ्या न्हाई. मग मेंढरू बसतंय."

प्राध्यापकांनी गुडघ्यावर वही उघडली, खोडरबर मागितलं, आणि ते माझ्याकडे होतं.

त्या दिवशीची माझ्या वहीतली नोंद: सुशीलाबाई बहात्तर. मी त्रेसष्ट. शिदू एक्केचाळीस. खोली वर्गाकडे.