दावा चालू शे

माझ्या पीएच.डी.चा विषय मी अजूनही कोणाला धड सांगत नाही. सांगायला लागले की राग येतो, आणि राग आला की मी समोरच्यावरच खेकसते. 'जमिनीवरील दाव्यांचा नैतिक आधार' असं भारदस्त शीर्षक होतं. तत्त्वज्ञानातला दावा म्हणजे एखादी गोष्ट माझी आहे असं म्हणायचं आणि का म्हणते त्याची कारणं द्यायची. जळगावच्या कॉलेजात शिकवता शिकवता, ऐंशीच्या दशकाची शेवटची आणि नव्वदीची पहिली वर्षं मी त्यात घालवली.

नरडाण्याच्या स्टेशनावर उतरून तासभर चाललं की आमचं गाव. तिथे माझी थोरली आत्या एकटी राहायची. सगळी बौद्ध वस्ती तिला अक्का म्हणायची, म्हणून मीही. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. मोठ्या दुष्काळानंतर तिनं आणि वस्तीतल्या दहाबारा घरांनी गायरानातले दगड वेचले आणि तिथे बाजरी पेरली. अक्काच्या वाट्याला तीन एकर आले. दर वर्षी तिथे पीक उभं राहायचं आणि दर वर्षी सातबाऱ्यावर लिहिलं जायचं 'गवत'. तलाठी पीकपाहणी चावडीत बसून करायचा. अक्काची बाजरी त्यानं कधी पाहिली असलीच तर भाकरीत पाहिली असेल.

तिसऱ्या प्रकरणासाठी मी वही घेऊन तिच्याकडे गेले. "काय करी ऱ्हायनी तू जळगावले?" तिनं विचारलं. मी सांगितलं, जमिनीच्या दाव्याचं काम करतेय, तुझ्या जमिनीबद्दलही लिहायचंय. ती उठली आणि वस्तीतल्या दोन घरी जाऊन आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर दोन म्हातारे धुवट टोप्या घालून येऊन बसले. त्यातले एक आबा म्हणाले, "लिखी ले, माय. पहिला दगड हिनीच उचला." मी लिहून घेतलं. सगळं झाल्यावर अक्कानं ग्रामपंचायतीच्या शिपायाकडून मागून आणलेला शाईचा पॅड पुढे केला आणि माझ्या वहीत, पानाच्या खाली, अंगठा उठवला.

मला हसू आलं. मी तिला थांबवलं नाही. ती हे काहीतरी कोर्टकचेरीचं समजतेय हे मला तेव्हा कळलं नव्हतं असं म्हणायला आवडेल, पण ते खोटं आहे. थोडं कळलं होतं. मी म्हटलं, नंतर समजावू. जळगावला येऊन स्टाफरूममध्ये मी तो अंगठा चारचौघांना दाखवला आणि चहाबरोबर सगळे हसले. ते हसणं आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

माझे मार्गदर्शक सर मात्र हसले नाहीत. त्यांनी ते प्रकरण वाचलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "बाई, आत्याबाई काढून टाका. इथली उदाहरणं घेतली की तत्त्वज्ञान राहत नाही, तक्रार होते. आणि तुमचा स्वतःचा संबंध आहे. तटस्थता कुठून येणार?" सरांची रावेरकडे केळीची वडिलोपार्जित बाग होती. घड कापणीला आले की आमच्या भेटी रद्द व्हायच्या. ती जमीन त्यांच्या पूर्वजांकडे कशी आली हे मी कधी विचारलं नाही, आणि त्यांच्या तटस्थतेला केळीचा चीक कधी लागला नाही. मी मूग गिळून बसले. प्रकरणातून अक्का गेली आणि तिच्या जागी 'अ' आला. समजा, 'अ' एका निर्जन बेटावर पोहोचला आणि त्यानं तिथे पेरणी केली, तर ते बेट त्याचं का? त्या बेटावर मी चाळीस पानं लिहिली. दगड वेचायचं काम 'अ'ला पडलं नाही. तत्त्वज्ञानातल्या बेटांवर दगड नसतात.

मी बेटावर होते तेव्हा इकडे सरकारी आदेश निघाला. गायरानातली जुनी अतिक्रमणं कसणाऱ्या भूमिहीनांच्या नावावर करायची, मुदतीत अर्ज द्या. मी त्या वेळी टायपिस्टच्या दुकानात शुद्धलेखन तपासत बसलेली. वर्षभर गावाकडे फिरकले नाही.

पदवी मिळाल्यावर गेले. अक्का दारातच होती.

"निकाल लागना का?"

मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, लागला.

"जिकनी ना, माय?"

हो म्हटलं. तिनं माझ्या तोंडात गुळाचा खडा घातला. मग पदराला हात पुसत म्हणाली, "मंग आते सातबारावर मनं नाव चढी ना?"

गूळ तोंडातच राहिला. मी विचारलं, अर्ज दिला होतास ना? मला वेड लागल्यासारखं ती माझ्याकडे बघायला लागली. "आपला दावा चालू शे ना, मंग अर्ज कसाले? बठ्ठा गावले ठाऊक शे, मनी भाचीनी जळगावले दावा टाकेल शे."

ग्रामसेवक दोनदा येऊन गेला होता. दोन्ही वेळा तिनं त्याला हेच सांगून परत पाठवलं. कोर्टात असताना कचेरीत गेलं की दावा कच्चा पडतो, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. बाकी सगळ्यांची नावं लागली. अक्काचे तीन एकर कागदावर मोकळे म्हणून सामाजिक वनीकरणाच्या झाडांसाठी निघाले होते, आणि तिच्या बांधापासून फक्कीच्या पांढऱ्या खुणा पडल्या होत्या. त्या खुणा माझा निकाल लागला की पुसतील असं ती धरून चालली होती.

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याच्या कचेरीत गेले. बैल गेला अन् झोपा केला. कारकुनाला मी श्रम सांगितले, गरज सांगितली, वीस वर्षांचा ताबा सांगितला, सगळं प्रकरण तीन त्याच्या टेबलावर आपटलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "हे सगळं खरं आहे, मॅडम. अर्ज कुठेय?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओरडले, टेबलावर हात आपटला, शिपायानं मला बाहेर काढलं. त्या बिचाऱ्या कारकुनाचं काही चुकलं नव्हतं, म्हणून तर जास्त ओरडले.

घरी आले आणि अक्काला सरळ सांगितलं. कोर्टात काही नव्हतं. वकील नव्हता. मी एक पुस्तक लिहिलं, ते तीन माणसांनी वाचलं, त्यांना ते बरं वाटलं, म्हणून मला डॉक्टर केलं.

ती बाजरी पाखडत होती. सूप थांबलं. तिनं विचारलं, "त्या पुस्तकमा मनं नाव शे का?"

मी म्हटलं, नाही.

ती पुन्हा पाखडायला लागली. दुपार झाली, तिनं चूल पेटवली, भाकरी केली आणि एकटीच जेवायला बसली. मला जेव म्हणाली नाही.