बाबांकडून आलेलं

कपडे अल्टर करून देणाऱ्या ताईंची लेक जन्मली तीच पावणेपाच किलोची. जीभ तोंडात मावेना. "बाळसं बघा!" म्हणत नातेवाईक कौतुकाने लोटले. दुसऱ्या दिवशी रक्तातली साखर उतरून बाळाला फिट आली, तेव्हा मात्र कुणी फिरकलं नाही. सासूबाईंनी खापर फोडलं सुनेच्या खाण्यावर.

आता लेक सहा वर्षांची. उजवा पाय डाव्यापेक्षा पाऊण इंच लांब. पोटात गाठ धरत नाही ना, हे बघायला दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी. एवढ्या वर्षांनी मायलेकींच्या रक्ताची तपासणी झाली आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "हा जनुकातला दोष आहे. तुमच्याकडून आलाय आणि तुम्हाला तुमच्या वडिलांकडून. वडिलांकडून आलं तर बहुधा काही दिसत नाही. आईकडून आलं की मुलात उमटतं. बहीण आहे तुम्हाला?"

होती. आणि पाचवा महिना चालू होता.

ताई तशाच माहेरी गेल्या. बाबांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. स्वतःत बिघाड ऐकून घ्यायची सवय नव्हती. "माझ्यात खोट? अडुसष्ट वर्षं ठणठणीत आहे मी!"

"म्हणूनच तर कळलं नाही ना, बाबा!"

बहीण फोनवर म्हणाली, "ताई, घाबरवू नकोस गं. आधी बाळ होऊ दे, मग बघू."

"मग काय बघणार, माझं कपाळ?"

महिनाभर फोन करून ताईंचा घसा बसला. पालथ्या घड्यावर पाणी. तेवढ्यात लेकीच्या सोनोग्राफीच्याच दिवशी चौदा गणवेशांचं काम अंगावर आलं. ताईंनी वैतागून बाबांना फर्मावलं, "आज तुम्ही न्या तिला."

बाबा दोन तास तिथल्या बाकावर बसले. मग आत त्यांच्या देखत नात निमूटपणे टेबलावर चढली, स्वतःच फ्रॉक वर केला आणि सांगितलं नव्हतं तरी श्वास रोखून धरला. बाबा तिला घेऊन थेट धाकटीच्या दारात. "चपला घाल. तपासायला जायचंय."

बहिणीतही तेच निघालं. बाळंतपण मोठ्या हॉस्पिटलात ठरलं. बाळ झालं ते तसंच भलंथोरलं; पण पहिल्याच तासात साखर उतरलेली सापडली, सलाइन लागलं, फिट काही आली नाही.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. "बघितलंस? मी म्हणतच होतो, आधी तपासून घ्या."

ताईंनी कात्री खाली ठेवली. त्या घटकेला ती हातात असणं बरं नव्हतं.