चौथ्या रविवारचं वाचन

बावीस वर्षं आगमनकाळातल्या चौथ्या रविवारचं वाचन मीच केलं. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आमचा आगमनकाळ, प्रभूच्या जन्मासाठी मनाची तयारी करायचे दिवस. खामगावातली आमची मंडळी लहान. सगळी बाकं भरली तरी साठ-सत्तर माणसं. चार रविवारी चार जणांनी शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एकेक भाग वाचायचा आणि चौथा माझा, हे कुणी ठरवलं नव्हतं, पण कुणी कधी मोडलंही नव्हतं. मी शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलेली बाई. मी वाचायला उभी राहिले की मागच्या बाकावर खोकणारी माणसंसुद्धा खोकला गिळायची. मला ते आवडायचं. देवाचं वचन वाचताना स्वतःचा आवाज आवडू नये, हे ठाऊक असूनही आवडायचं.

चौथ्या रविवारचा भाग सगळ्यात गोड. कोवळ्या वयाची मरीया पोटात बाळ घेऊन डोंगराळ मुलखात आपल्या नात्यातल्या म्हाताऱ्या अलीशिबेकडे जाते. अलीशिबेलाही उतारवयात दिवस गेलेले. दोघींची दारात भेट होते आणि मरीया आनंदानं देवाची स्तुती करते. ती स्तुती मी अशी काही वाचायचे की बायका पदर डोळ्यांना लावायच्या. घरी नवरा म्हणायचा, "वो, तू मरीया होऊन राह्यली का काय?" मी त्याला दटावायचे, पण मनातून सुखावायचे.

आमच्याकडे एक रीत आहे. वाचणाऱ्यानं आपला भाग कागदावर उतरवून स्वयंपाकघरात ओट्याच्या वर चिकटवायचा आणि रोज वाचायचा. आणि त्या रविवारी मंदिरात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, शिरताना आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, दारात वाचणाऱ्याचा हात हातात घेऊन हळूच विचारतात, "मन मोकळं आहे?" कुणाबद्दल मनात अढी असेल तर आधी त्या माणसाकडे जाऊन ती सोडवायची, तोवर वाचायचं नाही. मी बावीस वर्षं "हो" म्हणत आले. शाळेत पोरं हजेरीला म्हणतात तसं.

गेल्या वर्षी नवे पाळकसाहेब आले. नगरकडचे, तरुण, बोलायला गोड. ते म्हणाले, वाचन कुणी करायचं ते आपण ठरवू नये, चिठ्ठ्या टाकू. वाचता येणाऱ्या सगळ्यांची नावं घेतली, तेवढ्या चिठ्ठ्या केल्या, त्यातल्या चारांवर एकेका रविवारचा भाग लिहिला आणि ज्यानं-त्यानं उचलायला त्या एका टोपलीत टाकल्या. टोपली तिची होती. भाजीची. तळाशी सांबाराची दोन सुकलेली पानं चिकटलेली होती. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो.

ती म्हणजे गावाबाहेर मळा करणारी बाई. जळगाव जामोदकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन इकडे आलेली. शाळेचं तोंड न पाहिलेली. वय पन्नाशीला टेकलेलं. तीन वर्षांपूर्वी तीच माझ्या दारात मेथीची जुडी घेऊन उभी राहिली होती. म्हणाली, "बाई, मले वाचाले शिकवा. मंदिरात सारे पुस्तक उघडतात, मी नुसती पानं उलटवून राह्यलो असं वाटते." मी शिकवलं. दोन वर्षं, भाजी विकून झाली की दुपारी ती यायची. मीच तिला मोठ्या अक्षरांचं शास्त्र आणून दिलं. ती ओळीखाली बोट धरून वाचायची, बोटाला कायम मातीचा रंग. पहिल्यांदा एक पूर्ण ओळ वाचली तेव्हा ती हसली आणि मी रडले. हे सगळं खरं आहे आणि पुढचंही खरं आहे, म्हणून दोन्ही सांगते.

चिठ्ठी उघडली आणि चौथा रविवार तिला निघाला.

मला निघाला तिसरा. म्हातारा याजक जखऱ्या, अलीशिबेचा नवरा. आयुष्यभर मंदिरात सेवा केलेला. देवदूत त्याला सांगतो, तुला मुलगा होईल. त्याचा विश्वास बसत नाही आणि त्याची वाचाच जाते. तीस वर्षं जिच्या आवाजावर वर्ग चालले तिच्या वाट्याला मुका माणूस. नवऱ्यानं चिठ्ठी वाचली आणि इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

मला हेवा वाटला. साधा, उघडा हेवा. पाळकसाहेबांनी पक्षपात केला असता तर त्यांच्यावर राग धरता आला असता. पण चिठ्ठी तर मीही त्याच टोपलीतून उचलली होती. मग मी तिच्यात दोष शोधायला लागले. ती गाते तेव्हा सूर वर जातो, पण लोक तिच्याच बाजूनं गातात. ती प्रार्थना करते ती कशी? "देवबाप्पा, थंडी लय हाय, म्हाताऱ्याईले सांभाळ." बस्स. आणि लोक मनापासून आमेन म्हणतात. माझी प्रार्थना कर्ता-कर्म-क्रियापदासकट असते आणि लोक घड्याळाकडे बघतात. पोरं माझ्या पाया पडतात आणि तिच्या अंगावर चढतात. हे सगळं मला आधीही दिसत होतं, पण तेव्हा माझ्याकडे चौथा रविवार होता.

आणि ती वाचनाच्या सरावाला माझ्याकडेच यायची! दुसरीकडे कुठं जाणार? डिसेंबरचं ऊन अंगणात उतरलेलं असायचं, जिनिंगकडून उडत आलेला कापूस जाईच्या वेलीला अडकलेला. ती टोपली पायरीवर ठेवायची आणि म्हणायची, "बाई, ऐकता का जरासक?" मी ऐकायचे. ती अडखळत, बोट सरकवत वाचायची. मरीया डोंगरातल्या गावाकडे निघाली, इथं ती दरवेळी थांबायची आणि म्हणायची, "एकटीच गेली असंन का हो? पोटुशी बाई, घाटानं?" बावीस वर्षांत मला हा प्रश्न पडला नव्हता. त्याचाही मला हेवा वाटला.

मी तिच्या चुका दुरुस्त करत होते. तेवढं प्रामाणिकपणे केलं. पण एक गोष्ट सांगितली नाही.

आमच्या मंदिरात व्यासपीठावर एक जुनं शास्त्र आहे. कातडी बांधणीचं, आधीच्या पिढ्यांचं. आगमनकाळाचं वाचन त्यातूनच करायचं, दुसरं पुस्तक वर न्यायचं नाही. त्याची अक्षरं मुंगीएवढी, शाई विटलेली, कागद पिवळा. मला अडचण नव्हती, मला सगळं तोंडपाठ होतं. पण तिला वाचता यायचं ते मोठ्या अक्षरांचं. सुईत दोरा ओवायलासुद्धा ती माझा चष्मा मागून घ्यायची. एकदा म्हटलं असतं, की शनिवारी मंदिरात जाऊन त्या पुस्तकातून वाचून बघ, तर एवढंच पुरलं असतं. मी रोज ठरवायचे, आज सांगू. ती निघायची, मी दारापर्यंत सोडायला जायचे आणि म्हणायचे, "छान वाचतेस." ओट्याच्या वर चिकटवलेला जखऱ्या माझ्याकडे बघत असायचा. त्याची वाचा देवानं घेतली होती, माझी मी स्वतःच ठेवून घेतली होती.

नवऱ्याच्या लक्षात आलं. भाकरी थापताना मी दोन दिवस बोलले नाही तेव्हा म्हणाला, "काऊन वो, तो मुका याजक कागदातून खाली उतरला का?" मी त्याच्यावर चिडले. भाकरी करपली, तीही त्याच्याच नावावर टाकली.

तिसऱ्या रविवारी पाळकसाहेबांनी दारात माझा हात हातात घेतला. "मन मोकळं आहे?"

"हो," मी म्हटलं.

मी जखऱ्या वाचला. चांगला वाचला असणार. कुणी खोकलं नाही.

चौथा रविवार आला. दर रविवारी एक वाढवत आणलेल्या तीन मेणबत्त्या पेटलेल्या होत्या, चौथी एका मुलीनं पेटवली. मी नेहमीच्या जागी, पहिल्या बाकावर कडेला बसले होते. ती धुवट हिरव्या लुगड्यात वर गेली. तिनं ते जाडजूड पुस्तक उघडलं, खूण घातलेलं पान काढलं, ओळीवर बोट ठेवलं आणि थांबली.

ती पानावर वाकली. पुन्हा सरळ झाली. पुन्हा वाकली. मागं कुणीतरी कुजबुजलं. सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. आता पाळकसाहेब माझ्याकडे बघतील, मी उठेन, मला तर पाठच आहे, असं सगळं माझ्या डोक्यात तयार होतं. मी पदरसुद्धा सारखा केला होता.

तिनं मान वर केली आणि सगळ्या मंडळीसमोर, मळ्यातून हाक मारावी तशी म्हणाली, "बाई, चष्मा देता का तुमचा?"

लोक हसले. प्रेमानंच हसले. मला उठावं लागलं. तीन पायऱ्या चढून मी व्यासपीठावर गेले, डोळ्यांवरचा चष्मा काढून तिच्या हातात दिला. तिनं तो नाकावर बसवला, पानाकडे पाहिलं आणि माझ्याकडे बघून हसली. पहिली ओळ वाचली त्या दिवशी हसली होती तशीच.

मी चाचपडत खाली आले. माझ्या चष्म्यात जवळचा आणि लांबचा असे दोन्ही नंबर, तो नसला की मला समोरची माणसं नुसती रंगाचे डाग दिसतात. व्यासपीठावर एक हिरवा डाग आणि चार पिवळे ठिपके. मला तिचं बोट दिसत नव्हतं, कोण डोळे पुसतंय तेही दिसत नव्हतं. बघण्यासारखं काही उरलंच नाही, म्हणून मी ऐकलं.

ती हळू वाचत होती. मरीया घरात आली. आणि मग अलीशिबेचं बोलणं आलं. बावीस वर्षं मी ते भरभर उरकत आले होते, कारण पुढची स्तुती माझी होती. म्हातारी आधीपासून देवाची सेवा करणारी, मोठी, मानाची. आणि दारात आलेल्या त्या पोरीच्या पोटात तिच्यापेक्षा मोठं देणं. हेवा करायचा हक्क जगात कुणाला असेल तर त्या म्हातारीला होता. आणि ती म्हणते काय, तर तू माझ्याकडे आलीस, एवढं भाग्य माझ्या वाट्याला कसं आलं? तिच्या पोटातलं पोरसुद्धा आनंदानं उडी मारतं. मी ते ऐकलं आणि मला रडू आलं. चष्मा नसल्यामुळे डोळे पुसायला निदान सोपं गेलं.

उपासना संपली. बाहेर अंगणात चहा होता. ती चष्मा घेऊन माझ्याकडे आली. माझे हात कपबशीत अडकलेले होते, म्हणून तिनं स्वतःच तो माझ्या डोळ्यांवर चढवला. काड्यांना सांबाराचा वास येत होता.

मी म्हटलं, "मला माहीत होतं. त्या पुस्तकातली अक्षरं तुला दिसणार नाहीत, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही."

मला वाटलं, रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं.

"हाव," ती म्हणाली, "मले ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"शनिवारी मंदिर झाडाले मीच येतो ना बाई. पुस्तक पुसतानी उघडून पाह्यलं. काहीच दिसे ना. मंग माह्या ध्यानात आलं, बाईनं काऊन नाई सांगतलं ते."

"मग तेव्हाच का नाही आलीस माझ्याकडे? घरीच चष्मा मागितला असतास. किंवा दुसऱ्या कुणाचा."

तिनं टोपली उचलून कमरेवर घेतली. "म्हटलं, इतके वर्षं त्या रविवारी बाई तठी उभ्या राह्यल्या. औंदा खालीच बसतीन, ते काई बरं दिसत नाई. चष्मा मागतला तर याच लागन वर."

खरं सांगते, त्या क्षणी मला तिचा जेवढा हेवा वाटला तेवढा महिनाभरात वाटला नव्हता. आवाजाचा नाही, चिठ्ठीचा नाही. हे असं काही माझ्या डोक्यात कधी आलं नसतं, याचा.

ती गेल्यावर मी पाळकसाहेबांना गाठलं. ते सतरंजीची घडी घालत होते. मी म्हटलं, "मागच्या रविवारी तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. माझं मन मोकळं नव्हतं."

त्यांनी घडी खाली ठेवली. "आणि आता?"

मी फाटकाकडे पाहिलं. ती रस्त्यानं चालली होती, दोन पोरं तिच्या पदराला लोंबकळत होती आणि ती त्यांना टोपलीतली गाजरं देत होती.

"आताही नाही," मी म्हटलं.

पाळकसाहेबांनी सतरंजीचं एक टोक माझ्या हातात दिलं. "धरा," ते म्हणाले. "नाताळला अजून चार दिवस आहेत."