मधला दांडा

माझा नवरा मंगळवारी सकाळी आर्वीच्या बसमध्ये बसल्या जागी गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय.

आम्ही दोघे वर्ध्याच्या एकाच कॉलेजात गणित शिकवायचो. त्याचा शेवटचा, छापायचा राहिलेला लेख नळीतून वाहणाऱ्या पाण्यावर होता. त्या समीकरणात नळीच्या मध्यरेषेवर शून्याने भागायची वेळ येते. त्या जागेला आम्ही सिंग्युलर पॉइंट म्हणतो. उत्तरात लॉगचे, म्हणजे लॉगॅरिदमचे, एक पद येते आणि तिथे वेग अनंत होतो. म्हणून ते पद खोडायचे, ही वर्गात पाडलेली सवय. पण त्याच्या नळीत मधोमध एक दांडा होता. मध्यरेषेपर्यंत पाणी पोचतच नव्हते, त्यामुळे लॉग ठेवणे भाग होते.

तेरवीला विभागप्रमुख नालवाडीच्या आमच्या घरी आले. पान वाढेपर्यंत त्यांनी सांगून टाकले, लेख कॉलेजच्या स्मृतिअंकात घेतोय.

"एक चूक होती, मी काढली. लॉग राहून गेला होता."

"सर, मधे दांडा आहे. दांड्याला लागून पाण्याचा वेग शून्य हवा. तुमच्या उत्तरात पाणी तिथेच सगळ्यात जोरात धावतं."

"मॅडम, पंचवीस वर्षं शिकवतोय मी हे. तुम्ही पहिल्या वर्षाला शिकवता ना?"

"पहिल्या वर्षाच्या पोरांनाही आकृती बघायला सांगते."

"दुःखात माणूस हट्टी होतो," ते शेजारच्या पाहुण्यांकडे वळून म्हणाले. मग त्यांनी आणखी भात मागितला. तो मीच वाढला. माझ्या त्या हातांचा मला अजून राग येतो.

सासूबाईंनी मला आत ओढले.

"काऊन भांडून राह्यली वो? माह्या पोराचं नाव छापून येते, तुले पाह्यवत नाई का?"

"चुकीचं छापून येतंय, आई."

"कोन वाचते ते? मले तं नाव पाह्यजे."

वाचणारे चार असतील. ते चौघे हसतील, आणि उत्तर द्यायला तो नसेल. दुसऱ्या दिवशी मी अंकाच्या संपादकांना लिहिले: लॉग काढून हा लेख माझ्या नवऱ्याच्या नावाने छापू नका. सरांनी लॉग परत घातला नाही. अंक लेखाशिवाय निघाला.

सासूबाई आता धाकट्या दिराकडे आर्वीला राहतात. माझा फोन घेत नाहीत. सर आणि मी विभागाच्या एकाच खोलीत बसतो, बोलत नाही. लेख छापलेला नाही.